जाळीवर आलेला देव

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी रंगनाथ आहेर आमच्या दारात आले आणि चपला काढायच्या आधीच म्हणाले, "बाई, तुमची दोन हजार तीनची वही निघंल का?"

मी शाळेत असल्यापासून रोजची वही लिहिते, हे एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीत राहिलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे. माझे यजमान तिथे इंजिनियर होते. वसाहत सोडून आता वीस वर्षं झाली, यजमानांना जाऊन अकरा, तरी जुनी माणसं कुणाचं बारसं कधी झालं, कुणाची बदली कधी झाली, असल्या तारखा विचारायला जेलरोडच्या या घरी येतात. रंगनाथ तर आमच्याच गल्लीत राहतात. पण त्यांनी आजवर एकही तारीख विचारली नव्हती.

"कोणता महिना?"

"श्रावण. सिंहस्थ चालू होता तेव्हा. तो टाक आला तो दिवस."

मला वही काढायची गरज नव्हती, तरी काढली. ११ ऑगस्ट २००३, सोमवार. 'रंगनाथ दुपारी आले. जाळीवर सापडलेला टाक दाखवला. घासायला चिंच दिली. यांनी ठेवायला हरकत नाही म्हटलं.' एवढंच लिहिलं होतं.

रंगनाथांनी ते दोनदा वाचलं. "म्हणजे लिहिलेलं हाय," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले. लिहिलेलं नसतं तर कदाचित घडलंच नसतं, अशी त्यांना आशा असावी.

रंगनाथ मूळचे देवळ्याकडचे. घरी कांद्याची शेती, तीन भाऊ, त्यातले हे धाकटे. म्हणून नोकरीला लागले. एकलहऱ्याला गोदावरीवरच्या बंधाऱ्याशी वीज केंद्राचं पंपहाउस आहे. पंपाच्या तोंडाशी लोखंडी गजांची मोठी जाळी असते. नदीबरोबर जे काही वाहत येतं ते त्या जाळीला अडकतं, आणि ते लांब दांड्याच्या दाताळ्याने ओढून काढावं लागतं, नाहीतर पंपाचा जीव गुदमरतो. चौतीस वर्षं रंगनाथांनी हे काम केलं. ऊन, पाऊस, गुडघाभर गाळ.

नाशिकला आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. 'गंगेवर जाऊन येते' म्हटलं की रामकुंड. तिथे लोक जे जे सोडतात, हार, नारळ, फुटलेल्या तसबिरी, रंग उडालेल्या मूर्ती, त्यातलं जे तरंगतं ते चार दिवसांनी खाली रंगनाथांच्या जाळीवर यायचं. "वर लोकं पुण्य सोडतात, खाली मी पगार घेऊन काढतो," असं ते म्हणत. पाणवेली आणि प्लास्टिक ते ट्रॉलीत टाकत. देव मात्र वेगळे काढून लिंबाखाली ठेवत आणि पाळी संपली की बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला पुन्हा पाण्यात सोडत. असं करा म्हणून त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. यजमान कधी फेरीवर गेले की विचारत, "रंगनाथ, आज किती देव?"

"तीन आणि एक अर्धा, साहेब."

त्या श्रावणी सोमवारी जाळीवर एक लहानसा लाकडी देव्हारा आला. दार अर्धवट उघडं, आत गाळ. गाळात एक चांदीचा टाक चिकटलेला होता. मी नन्सच्या शाळेत शिकले आणि माहेरी देवघर नावापुरतंच होतं, त्यामुळे टाक म्हणजे काय हे मला लग्नानंतर कळलं. पत्र्यावर ठोकून उठवलेला तळहातापेक्षा लहान देव. घराण्याचा असतो. बापाकडून मुलाकडे जातो. घरातल्या गेलेल्या माणसाचाही करतात. त्याला वीर म्हणतात, आणि धुळवडीला लोक हे वीर वाजतगाजत गंगेवर अंघोळीला नेतात. या टाकावरचा देव इतका झिजलेला होता की घोडा आहे एवढंच दिसत होतं. वर बसलेला खंडोबा होता की कुणाच्या घरचा वीर, सांगता येत नव्हतं.

तो टाक रंगनाथांनी परत पाण्यात सोडला नाही. रुमालात बांधून दुपारी आमच्याकडे आणला. "साहेब, हा ठेवला तर चालंल का?" यजमान म्हणाले, "नदीतून आलेल्या देवाची आमच्याकडे नोंद नसते." मी चिंच दिली. त्यांनी आमच्या मोरीपाशी बसून तो घासला आणि घरी नेला.

घरी लंकाबाई होती, त्यांची बायको. आठच दिवसांपूर्वी ती दवाखान्यातून परत आली होती. तिसरी खेप, सातवा महिना, आणि पुन्हा मूल हाती लागलं नव्हतं. ती कुणाशी बोलत नव्हती, आणि वसाहतीतल्या बायका डबे नेऊन दाराशी ठेवून येत होत्या. त्या संध्याकाळपासून ती बोलायला लागली. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाली, "बाई, यांना रामकुंडावर एक साधू भेटला. यांच्या हातावर टाक ठेवला आन म्हणला, घरी ने, वर्षात पाळणा हलंल."

मी काही बोलले नाही. पुढच्या ऑगस्टात स्नेहल झाली.

त्यानंतर बावीस वर्षं ही गोष्ट मी लंकाबाईच्या तोंडून ऐकत आले. दर वर्षी साधू थोडा उंच होत गेला. आधी त्याच्या जटा कमरेपर्यंत होत्या, मग गुडघ्यापर्यंत आल्या. एक भुवई पांढरी झाली. स्नेहलच्या दहावीच्या सुमाराला तो हिमालयातून चालत आलेला होता. रंगनाथ अशा वेळी उठून पाणी प्यायला जात.

"आता झालंय असं," त्या रविवारी ते मला म्हणाले, "की स्नेहलचं लग्न फेब्रुवारीत हाय, आन लंका म्हणते टाक पोरीबरोबर द्यायचा. साधूचा आशीर्वाद म्हणून. पण बाई, तो कुणाचा हाय ते मला ठाऊक नाय. वीर असला तर कुणाचा आजा-पणजा असंल. परक्या घरचा देव मी माझ्या घरात ठेवला ते ठेवला. आता पोरीच्या हातून तिसऱ्याच घरात घालायचा?"

"मग लंकाबाईला खरं सांगा."

"कसं सांगू? तिचं सगळं त्याच्यावर उभं हाय."

"रंगनाथ, सांगून टाका," मी म्हटलं. मला शाळेत जे शिकवलं होतं तेच मी बोलले. मी ते किती सहज बोलून गेले, हे मला नंतरचे चार दिवस कळत होतं.

त्यांनी एक युक्ती काढली होती. लंकाबाईला म्हणाले, लग्नाआधी गंगेच्या काठाने वर चालत जाऊ, एकलहऱ्यापासून बेझे गावच्या चक्रतीर्थापर्यंत. त्र्यंबकला ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गंगा गुप्त होते आणि चक्रतीर्थाशी पुन्हा वर येऊन वाहायला लागते, असं आपल्याकडे मानतात. चार दिवसांची वाट. वाटेत कुठेतरी नीट बसून सांगायचं. आणि ती हो म्हणाली तर टाक तिथल्याच डोहात सोडायचा. "रामकुंडात का नाही?" मी विचारलं. ते माझ्याकडे बघतच राहिले. "बाई, रामकुंडात सोडलं ते कुठं येतं, मला ठाऊक नाय का?" चांदी बुडते, वाहत नाही, हे त्यांना माझ्याइतकंच कळत होतं. पण चौतीस वर्षं ज्याने रामकुंडात सोडलेलं जाळीवरून काढलं त्याचं मन तिथे काही सोडायला तयार नव्हतं.

आणखी एक गोष्ट ते जाता जाता बोलले. "चौतीस वर्षं गंगा माझ्याकडं येत होती. दमून, घाण घेऊन. ती मुळात कशी हाय ते मी बघितलंच नाय."

लंकाबाईने टाक बरोबर घेतला. चार दिवस देवाला अंघोळ नाही, हे तिला चालण्यासारखं नव्हतं. स्टीलच्या डबीत तांदूळ घालून त्यात ठेवला आणि डबी कमरेच्या पिशवीत.

पहिल्या संध्याकाळी रंगनाथांचा फोन आला. आवाज अगदी खाली. "बाई, आज जमलं नाय."

"का?"

"दसकजवळ पाण्यावर फेस बघितला तिनं, आन तिथंच सुरू झाली. म्हणली, तुम्ही असल्या पाण्यात उभं राहत होते आन मला म्हणायचे गंगेचं पाणी हाय! जणू फेस मीच केला."

दुसऱ्या दिवशी ते रामकुंडावर होते. त्या रात्री जेवायच्या आधी फोन आला.

"बाई, लय वाईट झालं."

"काय झालं?"

"तिनं मला विचारलं, साधू कुठल्या पायरीवर बसला होता?"

"मग?"

"मी दाखवली."

"कुठली?"

"समोर होती ती." मग ते म्हणाले, "तिनं त्या पायरीला हळदकुंकू लावलं. फुलं वाहिली. डोकं टेकलं. माणसं तिला वळसा घालून जात होती. मला म्हणली, तुम्ही पण टेका. मी पण टेकलं."

मला हसू आलं आणि पुढच्याच क्षणी डोळे भरून आले. "रंगनाथ, आता उशीर करू नका," मी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी ते सोमेश्वर मागे टाकून धरणाच्या बाजूच्या एका खेड्यात पोचले होते. तिथून फोन आला तेव्हा आवाज जरा मोकळा होता. "पाणी बदललं बाई. तळ दिसतो. दगडं दिसतात, मासे दिसतात. मी लंकाला म्हणलं, ही तीच का?"

"आणि ते?"

"आज सांगणारच होतो. पण माझे पाय सुजले. तिनं कुणाकडून तेल मागून आणलं आन चोळत बसली. पाय तिच्या मांडीवर असताना कसं सांगायचं?"

चौथ्या दिवशी सकाळी स्नेहल माझ्याकडे आली. देवळाली कॅम्पला औषधाच्या दुकानात ती काम करते. त्या दिवशी सुट्टी घेतली होती. आईने तिला चक्रतीर्थावर बोलावलं होतं, तिथेच टाक तिच्या पदरात घालायचा म्हणून. "आजी, तुम्ही पण चला," ती म्हणाली. "आई साधूबाबाचं लेक्चर देणार. मला एकटीला झेपणार नाही." तिला काही ठाऊक नव्हतं. आम्ही त्र्यंबकच्या बसने फाट्यावर उतरलो आणि पुढे रिक्षा केली.

रंगनाथ आणि लंकाबाई आमच्या आधीच पोचले होते. मला बघून रंगनाथांनी हळूच मान हलवली. अजून सांगितलं नव्हतं.

नदी तिथे इतकी लहान होती की माझा विश्वास बसेना. कुंडातून निघालेला प्रवाह दगडांवरून खळखळत चालला होता, काचेसारखा, आणि मधे दोन दगड होते त्यांवर पाय ठेवून पलीकडे जाता आलं असतं. रंगनाथ काठावर उकिडवे बसून तिच्याकडे बघत होते. "एवढीशी हाय ती," ते म्हणाले. "बाई, एवढीशी! हिचंच पाणी आम्ही चार-चार पंप लावून ओढत होतो." त्यांनी पाण्यात बोट घातलं, जसं लहान मुलाच्या गालाला लावतात तसं, आणि लगेच काढून घेतलं.

लंकाबाईने डबी उघडली. "स्नेहल, इकडं ये. पदर पसर. साधूबाबाचं नाव घे."

"आई, मी ड्रेसवर आहे. पदर कुठून आणू?"

"ओढणी पसर मग. तोंड चालवू नको."

"लंका," रंगनाथ म्हणाले. "थांब. साधू नव्हता."

ती समजली नाही. "कोण नव्हतं?"

"साधू. कुणी साधू भेटला नव्हता मला. मी रामकुंडावर गेलोच नव्हतो. सकाळपाळी होती. हा जाळीवर आला, देव्हाऱ्यात. मी काढला. बाईंच्या घरी घासला."

लंकाबाईने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. बावीस वर्षं मला जे ठाऊक होतं ते तिला ठाऊक नव्हतं, याची त्या क्षणी मला जितकी लाज वाटली तितकी आधी कधी वाटली नव्हती. ती डबी मांडीवर ठेवून खाली बसली. मग बोलली तेव्हा आवाज चढला.

"आन परवा मी पायरीला डोकं टेकलं ते?"

"चुकलं."

"त्या पायरीवर कुत्रं बसलं होतं! मी त्याला हाकललं! आन तुम्ही पण टेकलं माझ्याबरोबर!"

स्नेहलने ओढणी तोंडावर धरली. मी तिचा हात दाबला.

"बावीस वर्षं मी जगाला सांगत सुटले. माहेरी सांगितलं. विहीणबाईंना सांगितलं. का केलं असं?"

रंगनाथ पाण्याकडे बघत बोलले. "सगळे देव मी परत सोडत आलो. त्या दिवशी दाताळं खाली ठेवलं आन वाटलं, आज घरी जायचं, तू भिंतीकडं तोंड करून असशील. आठ दिवस तसाच येत होतो, मोकळ्या हातानं. त्या दिवशी मोकळ्या हातानं येववंना. तुझ्या हातात काय तरी द्यायचं होतं. मग तू विचारलंस, कुणी दिला? शहरात जिकडंतिकडं साधू. तोंडातून निघालं."

लंकाबाईने नाक पुसलं. मग तिने टाक डबीतून काढून तळहातावर घेतला आणि त्याच्याकडे असं पाहिलं की जणू आजच ओळख होत होती. "हा कुणाचा असंल हो?" ती हळू म्हणाली. "कुणी बाईनंच सोडला असंल. घरात करणारं कुणी राहिलं नसंल." थोड्या वेळाने म्हणाली, "गंगेचा होता. तुम्ही तिला न विचारता उचलला. आता तिला विचारते."

ती प्रवाहात उतरली, घोट्याएवढ्या पाण्यात, आणि टाक उघड्या तळहातावर ठेवून हात पाण्याखाली नेला. बोटं मिटली नाहीत. "ठेवून घ्यायचा असंल तर घे माय," ती म्हणाली. आम्ही सगळे बघत होतो. पाणी तिच्या बोटांमधून जात होतं. टाक थोडा हलला, तळहाताच्या कडेला आला, आणि घसरला.

आणि रंगनाथांचा हात गेला. ते कपड्यांसकट गुडघ्यावर पडले आणि दोन दगडांच्या मधून त्यांनी तो उचलला. उचलून झाल्यावर त्यांना कळलं आपण काय केलं ते. मुठीत टाक, कोपरापर्यंत भिजलेली बाही, आणि चेहरा इतका घाबरलेला की मला वाटलं ते आता रडतील.

"हात गेला लंका," ते म्हणाले. "मी नाय केलं. हात गेला."

लंकाबाई त्यांच्याकडे बघत राहिली. मग ती हसायला लागली. पाण्यात उभी राहून, पदर ओला, डोळ्यांतून पाणी येत होतं तरी हसतच होती. "तिला विचारलं तर तुम्ही मधे हात घालता," ती म्हणाली. "आता ती काय बोलणार?"

"परत सोडू?"

"सोडा बघू. जमतंय का बघा."

त्यांनी मूठ उघडली नाही.

तेव्हा स्नेहल खाली गेली आणि तिने वडिलांना धरून उठवलं. "मला एक सांगू?" ती म्हणाली. "साधूचा टाक मी नेणारच नव्हते. आईचं मन राखायला घेतला असता आणि कपाटात ठेवला असता. पण हा बाबांनी आणलाय ना? तुझ्यासाठी? मग मी नेते. रोज पूजा करीन की नाही ठाऊक नाही, पण नेते."

"परक्या घरचा हाय पोरी," रंगनाथ म्हणाले.

"मी पण आता परक्या घरीच चालले की."

लंकाबाई तिच्या पाठीत धपाटा घालायला निघाली आणि मधेच थांबली. मग तिने ओल्या हातानेच टाकाला कुंकू लावलं आणि रंगनाथांच्या मुठीतून तो काढून मुलीच्या ओढणीत ठेवला.

हे बरोबर झालं की नाही, मला अजून सांगता येत नाही. ज्या बाईने तो देव्हारा पाण्यात सोडला तिला काय वाटलं असतं, हा विचार मधूनमधून येतो. मी तो वहीतही लिहून ठेवला आहे. घरी परतताना मी लंकाबाईची माफी मागितली. ती म्हणाली, "तुम्ही बोलल्या नाय म्हणून तर माझी बावीस वर्षं बरी गेली, बाई. पण परत असं करू नका."

फेब्रुवारीत लग्न झालं. आदल्या दिवशी विहीणबाई आणि त्यांच्याकडच्या चार बायका हळदीला आल्या होत्या. लंकाबाईने सगळ्यांसमोर टाक पाटावर ठेवला आणि साधू नव्हता, नवऱ्याने वीज केंद्राच्या जाळीवरून काढून आणला, मी आजवर सगळ्यांना चुकीचं सांगितलं, असं एका दमात सांगून टाकलं. रंगनाथ दारात उभे होते. पाणी प्यायला उठून गेले नाहीत.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. विहीणबाईंनी टाक उचलून उजेडाकडे धरला, अंगठा घोड्यावरून फिरवला.

"याला नैवेद्य काय लागतो?" त्यांनी विचारलं.

"मला तरी कुठं ठाऊक?" लंकाबाई म्हणाली. "मी गूळखोबरं दाखवत आले. बावीस वर्षांत काय तक्रार नाय त्याची."

"मग आमच्याकडंही गूळखोबरंच," विहीणबाई म्हणाल्या आणि टाक आपल्या ओटीत घेतला.